कानातून थेट माजघरात

मागच्या पावसाळ्यात माझी मामेबहीण बिबवेवाडीतल्या एका औषधाच्या दुकानात उभी होती. मामांना ताप भरला होता. "क्रोसिनची एक स्ट्रिप द्या, आणि ओआरएसची दोन पाकिटं," एवढंच ती काउंटरवर म्हणाली. पुढे रेनकोट घातलेली एक बाई सुटे पैसे मोजत होती. ती मोजता मोजता थांबली, गर्रकन वळली आणि म्हणाली, "ताई, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का हो?"

बहिणीने या बाईला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बाईनेही बहिणीला पाहिलं नव्हतं. बहीण दर बुधवारी एक पॉडकास्ट काढते, लोकांच्या पहिल्या नोकरीबद्दलच्या गप्पांचा. त्यात व्हिडिओ नसतो, तिचा फोटोही कुठे नाही. रेकॉर्डिंग होतं कपड्यांच्या कपाटाला टेकून, दोन दोऱ्यांवर आजीच्या गोधड्या टांगून, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून घुमत नाही. दोन वर्षं ऐकणारे जेमतेम दोनशे, त्यातही निम्मे नातेवाईक. मग एका निवृत्त एसटी कंडक्टरशी मारलेल्या गप्पांचा भाग व्हॉट्सॅपवर हातोहात फिरला आणि आता एकेका भागाला चाळीस हजारांच्या घरात लोक असतात. वानखेडे स्टेडियम भरून वर काही हजार माणसं बाहेर उभी राहतील, इतके. गुडघ्याचा उल्लेख तिने कधीतरी सुरुवातीला ओघात केला होता. तिला स्वतःलाच तो आठवत नव्हता.

त्या रात्री फोनवर ती म्हणाली, "आधी इतकं छान वाटलं. आणि घरी येताना मी दोनदा मागे वळून पाहिलं."

तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. माया आणि भीती एकाच क्षणी, एकाच प्रश्नातून कशी उगवते? मी वाचत गेलो, आणि आपल्या कानाच्या पाळीपासून मेंदूच्या आतल्या घड्यांपर्यंत किती विलक्षण कारभार चालतो ते पाहून थक्क झालो.

कानापासूनच सुरू करू. कोणी तुमच्या डाव्या बाजूने हाक मारली, तर तो आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो आणि उजव्यात किंचित नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाएवढा. त्यात भर कानाच्या पाळीच्या वळणांची: वरून आलेला आवाज त्या वळणांवर एका तऱ्हेने घासून आत जातो, मागून आलेला दुसऱ्या तऱ्हेने. एवढ्या सामग्रीवर मेंदू क्षणात ठरवतो की हाक मारणारा अमुक दिशेला, अमुक अंतरावर आहे. आता कानात इअरफोन घाला. दोन्ही कानांत तोच आवाज, त्याच क्षणी, पाळीची वळणं ओलांडून थेट आत. मेंदू हिशेब मांडतो, बाहेरच्या कुठल्याच जागेशी तो जुळत नाही, आणि मग तो आवाजाला उरलेली एकमेव जागा देतो: दोन कानांच्या मधोमध, डोक्याच्या आत.

तिथे एरवी कोण बोलतं? आपणच. आपले मनातले विचार, आपली उजळणी, आपली काळजी. त्या जागी परक्या माणसाचा आवाज येऊन बसतो. अ‍ॅलिसिया लीबरमन, ज्युलियाना श्रोडर आणि ऑन अमीर या अमेरिकी संशोधकांनी २०२२ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. तोच मजकूर काहींना स्पीकरवर ऐकवला, काहींना हेडफोनवर. हेडफोनवाल्यांना बोलणारा माणूस जास्त जवळचा वाटला, जास्त आपुलकीचा वाटला. शब्द तेच होते, आवाज तोच होता. फक्त तो कुठे ऐकू आला, ती जागा बदलली होती.

माइकचीही करामत आहे. एकाच दिशेचा आवाज टिपणारे माइक तोंडाजवळ आणले की खर्जाचे स्वर आपोआप उठावदार होतात. पॉडकास्टवाले चार बोटांवरून बोलतात, म्हणून त्यांचा आवाज असा भरदार आणि उबदार येतो. आपल्या कानाला हा खर्ज ओळखीचा आहे, कारण आपल्याला इतक्या जवळून बोलणारी माणसं आयुष्यात मोजकीच असतात. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतरांची मांडणी केली. सर्वांत आतलं वर्तुळ साधारण ४५ सेंटीमीटरचं, म्हणजे हातभर. तिथे आपण आई, मूल, जोडीदार, फार तर जिवलग मैत्रीण एवढ्यांनाच येऊ देतो. पॉडकास्ट करणारी व्यक्ती पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्याला त्या वर्तुळाच्याही आत पोहोचलेली असते.

आणि याहून अद्भुत गोष्ट पुढे आहे. २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यक्तीला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून तिच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट सांगायला लावली. ती ध्वनिमुद्रित केली, आणि नंतर अकरा जणांना स्कॅनरमध्येच ऐकवली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचाली सांगणारीच्या मेंदूतल्या हालचालींसारख्या होऊ लागल्या, बहुतेक ठिकाणी काही सेकंद मागून, सावलीसारख्या. काही भागांत तर ऐकणाऱ्याचा मेंदू पुढे धावत होता, ती आता काय सांगणार ते आधीच ताडत होता. ज्यांच्यात हे पुढे धावणं जास्त, त्यांना गोष्ट जास्त चांगली समजली होती. इंग्रजी श्रोत्यांना रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा ही जुळणी विरून गेली. म्हणजे जादू नुसत्या आवाजाची नव्हती, अर्थाची होती. मला मात्र सर्वांत जास्त हलवून गेलं ते हे, की बोलणारी तिथे हजरच नव्हती. फक्त मुद्रण होतं. तरीही अकरा मेंदू तिच्यासारखे चालले.

रेनकोटवाल्या बाईच्या डोक्यात माझ्या बहिणीबद्दल हे दर बुधवारी घडत होतं, दोन अडीच वर्षं. मग गुडघ्याची चौकशी तिने का करू नये? तिच्या बाजूने ती पूर्ण खरी ओळख होती.

या ओळखीला नाव मिळालं ते पॉडकास्ट हा शब्द जन्माला येण्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी रेडिओ आणि टीव्हीवरच्या सूत्रधारांचा अभ्यास करून 'पॅरासोशल' ही संज्ञा मांडली. एका बाजूने भरघोस आणि दुसऱ्या बाजूने रिकामा असलेला संबंध. त्यांनी दिलेलं एक उदाहरण वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

जीन किंग नावाची एक अभिनेत्री होती. १९४७ साली ओहायो राज्यातल्या डेटन शहरातून तिने रात्री एक कार्यक्रम सुरू केला, 'लोनसम गॅल', म्हणजे एकाकी मुलगी. ती गाणी लावायची आणि मधल्या वेळात मंद, हळुवार आवाजात ऐकणाऱ्याशी बोलायची. ऐकणाऱ्यांशी नव्हे, ऐकणाऱ्याशी, एकाच माणसाशी. कार्यक्रम पुढे पन्नासहून अधिक शहरांत वाजू लागला, आणि त्या त्या शहरातले रस्ते, तिथल्या घडामोडी यांची माहिती गोळा करून ती प्रत्येक शहरासाठी वेगळं ध्वनिमुद्रण करायची. प्रत्येक गावाला वाटायचं, ही इथेच कुठेतरी, पलीकडच्या गल्लीत राहते. पत्रांचा पूर आला, त्यांत लग्नाच्या मागण्याही होत्या. ती कोण, दिसते कशी, हे तिने गुपित ठेवलं. लोकांसमोर जायची वेळ आली की ती चेहऱ्यावर मुखवटा घालायची.

तो मुखवटा निव्वळ जाहिरातीची क्लृप्ती म्हणून सोडून देता येईल, पण मला त्यात फार जुनं शहाणपण दिसतं. ज्या बाईने आपला आवाज हजारो उशांपाशी ठेवला होता, तिने चेहरा स्वतःकडे राखून ठेवला. काहीतरी न दिलेलं उरलं पाहिजे, हे तिला १९४७ साली उमगलं होतं.

इथे मला आजोळचा कोकणातला वाडा आठवतो. अंगण, मग ओसरी, मग माजघर, आणि त्याच्याही आत देवघर. वाटसरू अंगणात थांबायचा, गावचा माणूस ओसरीवर टेकायचा, चहा तिथेच यायचा. माजघरात सोयरे. देवघरात सोवळं नेसलेलं घरचंच माणूस. कोणी कोणाला अडवत नसे, पण प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक असे. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९२ साली वानरांच्या आणि माणसाच्या मेंदूच्या आकारावरून अंदाज बांधला, की माणूस साधारण दीडशे माणसांशी खरी ओळख टिकवू शकतो. पुढे त्यांच्या गटाने त्या दीडशेच्या आतले थर दाखवले: अगदी जवळचे पाच, मग पंधरा, मग पन्नास, मग दीडशे. आजोळच्या वाड्याचा नकाशाच जणू. माजघरात पंधरा, ओसरीवर पन्नास.

पॉडकास्टने या वाड्याला एक नवंच दार पाडलं. ते दार कानातून थेट माजघरात उघडतं. ऐकणाऱ्याच्या माजघरात माझी बहीण बसलेली आहे, भाजी निवडताना, लोकलमध्ये, झोप येत नसलेल्या रात्री. त्याच्या पंधरांपैकी एक जागा कदाचित तिने घेतलेली आहे. आणि बहिणीच्या माजघरात? तिथेही जागा पंधराच. चाळीस हजार माणसांनी आपापल्या घरात तिला जागा दिली, ती मात्र कोणालाच परत बोलावू शकत नाही. यात कोणाचा कोतेपणा नाही. मेंदूत तेवढे पाटच मांडता येत नाहीत.

मराठी घरांना हे अगदीच नवं नाही. आकाशवाणी मुंबईवरच्या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजी आणि मीनावहिनींना लोक शेजारीच मानत. आणि निवेदक अमीन सयानी तर मुंबईचेच. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि पुढे आठवड्याला ६५,००० येऊ लागली, असं ते मुलाखतींत सांगत. तेव्हा टीव्ही नव्हता, चेहरा माहीत नव्हता, होता तो फक्त आवाज.

पण त्या पत्राचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. नागपूरच्या एका मुलाने कार्ड आणलं, लिहायला बसला, एक ओळ खोडली, पेटीत टाकलं. पेटी उघडली, गाडी निघाली, मुंबईत कार्ड वेगळं काढलं गेलं. चार दिवस गेले. रागाच्या भरात लिहायला घेतलेली किती कार्डं पेटीपर्यंत पोहोचलीच नसतील! जी पोहोचली ती आधी कार्यालयातल्या कोणाच्या तरी हाती पडली. टपाल खात्याने नकळत एक ओसरी बांधून दिली होती, आणि शब्द तिथे थोडा वेळ टेकून, घाम पुसून मगच आत जात. आज बहिणीचा भाग सकाळी सात वाजता निघतो आणि सात वाजून दोन मिनिटांनी कोणीतरी तिला लिहितं की तुझं हसणं कृत्रिम आहे. ती तेव्हा मामांना चहा गाळून देत असते.

एक असं वाक्य दोनशे कौतुकांना पुरून का उरतं, यावरही काम झालेलं आहे. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं, की वाईट अनुभव चांगल्यापेक्षा खोल रुततो, जास्त टिकतो. जो आदिमानव साप विसरला तो टिकला नाही, जो गोड फळाचं झाड विसरला त्याला दुसरं झाड मिळालं. या धर्तीवर त्याचं कारण सांगतात. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर यांनी स्कॅनरमधल्या माणसांना संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळायला दिला आणि मध्येच बाकीच्या खेळाडूंनी त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. एवढ्याशा वगळण्याने मेंदूतला जो भाग जागा झाला, तो शारीरिक वेदनेतही जागा होतो. आपण 'शब्द लागला' म्हणतो. आपल्या आज्यांनी हे क्रियापद निवडलं तेव्हा स्कॅनर नव्हते.

हे सगळं एका माणसाने सोळा वर्षं कसं पेललं, ते पाहण्याजोगं आहे. मार्क मॅरन हा अमेरिकी विनोदी कलाकार. २००९ साली रेडिओवरची नोकरी गेली, लग्न मोडलेलं, वय पंचेचाळीस. जिथून काढलं त्याच स्टुडिओत रात्री शिरून त्याने पहिले काही भाग ध्वनिमुद्रित केले, आणि मग लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये बस्तान हलवलं. आठवड्यातून दोनदा तो पाहुण्यांशी बोलायचा. पण त्याआधी काही मिनिटं एकटाच, स्वतःबद्दल. दारू सोडल्याबद्दल, वडिलांबद्दल, मांजरांबद्दल. मंकी, लाफोंडा, बूमर ही त्या मांजरांची नावं जगभरच्या ऐकणाऱ्यांना पाठ झाली. बूमर एक दिवस निघून गेला तो परतलाच नाही, तर मॅरन पुढे कित्येक वर्षं भाग संपवताना बूमर जिवंत आहे, असं म्हणत राहिला. १९ जून २०१५ रोजी त्या गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येऊन बसले. सुरक्षारक्षक, पहारे, बंद केलेले रस्ते, आणि आत जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक टेबल आणि दोन माइक.

मग मे २०२० आला. मॅरनची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, अचानक आजारी पडून वारली. दोन दिवसांनी ठरल्या वेळी भाग निघाला. तो त्याच गप्पांच्या सुरात बोलायला बसला आणि रडला. टाळेबंदीत दारं बंद होती, खांद्यावर हात ठेवायला कोणी येऊ शकत नव्हतं, आणि तरी लाखो कान तिथे होते. ही ओळख एकतर्फी असते, हे मी वर लिहिलं. ते खरंच आहे. पण त्या दिवशी हीच ओळख त्याचा भार पेलत होती, असं मला तो भाग ऐकताना वाटलं, आणि ते मत मी बदलणार नाही. सोळाशेहून जास्त भाग झाल्यावर, २०२५ च्या ऑक्टोबरात, त्याने आणि त्याच्या निर्मात्याने कार्यक्रम आपणहून थांबवला. थकलो आहोत आणि समाधानी आहोत, असं त्यांनी सांगितलं. शेवटचे पाहुणे पुन्हा ओबामा.

सगळ्यांना असं जमत नाही. डोना रॉकवेल आणि डेव्हिड जाइल्स यांनी २००९ साली पंधरा अमेरिकी प्रसिद्ध व्यक्तींच्या सविस्तर मुलाखतींवर एक निबंध लिहिला. त्यांना चार टप्पे दिसले: आधी प्रसिद्धीची ओढ आणि तिटकारा एकदम, मग तिचं व्यसन, मग स्वीकार, आणि शेवटी तिच्याशी जुळवून घेत जगणं. बरेच जण स्वतःला दोन भागांत वाटून घेतात, एक लोकांना द्यायचा आणि एक घरी ठेवायचा. टिम फेरिस या पॉडकास्टरने २०२० साली प्रसिद्ध न होण्याची कारणं सांगणारा लांबलचक लेख लिहिला. धमक्या, पाठलाग, पैशांसाठीची गळ, सगळं त्यात आहे. त्याचं एक निरीक्षण मला पटतं. ऐकणारे शंभर असतात तेव्हा ती वाडी असते, हजारांवर गेले की गाव, लाखांवर गेले की शहर. शहरात जे जे प्रकार असतात ते सगळे मग तुमच्या ऐकणाऱ्यांतही असणारच. तुम्ही चुकलात म्हणून ते आले असं नसतं.

मराठीत आता 'अमुक तमुक', 'व्हायफळ', 'मित्रम्हणे' असे कितीतरी कार्यक्रम ऐकले आणि पाहिले जातात, आणि त्यामागे माझ्या बहिणीसारखी, घरात गोधड्या टांगून बोलणारी माणसं रोज नव्याने उभी राहत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला आपली ओसरी स्वतःच बांधावी लागणार, टपाल खातं ती बांधून देणार नाही.

बहिणीने बांधली. औषधाच्या दुकानानंतर महिनाभर ती नीट झोपत नव्हती, दोन बुधवार भागच निघाला नाही. मग हळूहळू तिची एक घडी बसली. भाग निघाला की फोन माझ्या वहिनीकडे. आलेलं सगळं वहिनी वाचते, उपयोगाची टीका एका वहीत उतरवते आणि वही शनिवारी बहिणीकडे जाते. तोवर शब्दांची धार थोडी उतरलेली असते. मुलीची शाळा, घराचा रस्ता, आज आपण कुठे आहोत, हे ती बोलत नाही. कुठे गेलो होतो ते परत आल्यावर सांगते. मामांबद्दल बोलण्याआधी मामांना विचारते. गुडघ्याला त्यांची हरकत नव्हती, उलट त्यांनी अभिमानाने शेजाऱ्यांना सांगितलं की आपला गुडघा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आणि रविवारी ती आम्हा सात जणांत जेवायला बसते, तेव्हा पॉडकास्टचा विषय कोणी काढायचा नाही.

त्या दिवशी दुकानात पुढे काय झालं ते तिने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. प्रश्न ऐकून ती आधी गोठली होती. मग तिने विचारलं, "झालं हो ऑपरेशन, आता बरे आहेत. तुमचं नाव काय?" बाई गोंधळली. आपल्याला उलट प्रश्न येईल, ही कल्पनाच तिने केली नव्हती. नाव सांगितलं, मग सांगितलं की ती डबे करते, पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते, घरातले सगळे झोपलेले असतात म्हणून एकाच कानात इअरफोन घालते, दुसरा कान कुकरच्या शिट्टीकडे. बाहेर पाऊस लागला होता, म्हणून दोघी पाच-सात मिनिटं दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिल्या. बाईची पहिली नोकरी एका शिवणकामाच्या कारखान्यात काजं करायची होती, दिवसाला दोनशे काजं.

अलीकडे मी एकदा रेकॉर्डिंगच्या वेळी तिच्याकडे होतो. गोधड्यांच्या आत दिव्याचा पिवळा उजेड, माइक चार बोटांवर. सुरू करण्याआधी तिने डोळे मिटले, ओठ हलवले. मी नंतर विचारलं, काय पुटपुटतेस? म्हणाली, "काही नाही. एक कान कुकरकडे आहे तिचा, म्हणून जरा सावकाश बोलायचं, हे स्वतःला सांगते."